विषय: धरमपेठेतला बंगला विकायचा आहे, फाटकावर बोर्ड लावावा का?

नमस्कार मंडळी,
आईबाबांचा नागपुरातल्या धरमपेठेतला बंगला यंदा विकायचं ठरलंय. इथे अमेरिकेत घर विकताना अंगणात पाटी रोवतात, तशी तिकडे लावून काही उपयोग होतो का? की नुसते दलालांचे फोन?
मेघना

मेघनाताई,
उपयोग होतो, तो शेजाऱ्यांमुळे. एवढा मोठा बंगला घेणारा पुष्कळदा त्याच गल्लीतला नाहीतर त्यांचा सोयरा निघतो. सकाळी फिरायला निघाला की बोर्ड वाचतो.

रोवायची तारेची चौकट मात्र तिकडेच राहू द्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात लिबलिबीत होते. पाटी दोन्ही वेळा कलते. फाटकालाच बांधा.

फ्लेक्स स्वस्त, पण मे-जूनच्या वादळात कोपऱ्यातून फाटतो. सनबोर्ड उन्हानं वाकतो. ३ मिलिमीटरची एसीपी शीट (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लॅस्टिक) घ्या, ३ बाय २ फूट, वर व्हिनाइल आणि मॅट लॅमिनेशन. लाल अक्षरं नकोत, नागपूरचं ऊन आधी लाल रंग खातं. पांढऱ्यावर काळी बरी. मापाचा ठोकताळा असा: दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे ३० फुटांवरून, रस्त्यापलीकडून वाचता यायला ३ इंच. तेवढ्यात तीनच ओळी सुटसुटीत बसतात: ‘बंगला विकणे आहे’, प्लॉटचं क्षेत्रफळ, मोबाइल नंबर. किंमत लिहू नका, तिथूनच घासाघीस सुरू होते.

चारी कोपऱ्यांना कडेपासून इंचभर आत भोकं पाडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेनं बांधा. प्लॅस्टिकचा टाय उन्हात तडकतो. मागे रबरी वायसर हवेतच, नाहीतर वाऱ्यानं बोर्ड घासून फाटकाचा रंग जातो आणि गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते.

नंबर नागपुरातल्या नातेवाइकाचा, वेगळ्या सिमवर. रिचार्ज चुकवू नका. परदेशी नंबर पाहून फोन लावायला लोक कचरतात. ‘मालक परदेशात’ तर चुकूनही नको, घर बंद आहे हे चोराला कशाला सांगायचं? ‘ब्रोकर्स क्षमस्व’ लिहिलं तरी दलाल फोन करणारच. ‘स्वतःसाठी बघताय की पार्टीसाठी?’ हे पहिल्याच वाक्यात विचारायला सांगा.

रस्त्यावरच्या झाडाला, विजेच्या खांबाला काही लावू नका. मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे.
विलास

विलासरावांच्या पत्रात थोडी भर. बोर्ड एकच असू द्या. एकाच फाटकावर चार दलालांच्या पाट्या लोंबल्या की घर रखडलंय असं वाटतं, मग भाव पडतो.

बोर्ड रंगवण्याआधी कागद बघा. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा नझुलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, भाडेपट्ट्यावर असेल तर पट्ट्याचं नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी यांची स्थिती तपासून ठेवा. ‘फ्रीहोल्ड की लीज?’, म्हणजे जमीन मालकीची की पट्ट्यावरची, हा प्रश्न येतोच. फ्रीहोल्ड असेल तर ते बोर्डावरच टाका. इसारपत्र झालं की त्याच दिवशी बोर्ड उतरवा, विक्रीपत्राची वाट बघू नका.

आणि ज्यांचे शहराबाहेर बेसा, हिंगण्याकडे रिकामे प्लॉट पडलेत, त्यांनी कुणी ते परस्पर विकू नयेत म्हणून उलटा बोर्ड लावावा: ‘हा प्लॉट विकणे नाही’, खाली खसरा आणि प्लॉट क्रमांक. तिथे फाटक नसतं, तेव्हा लोखंडी अँगल सिमेंटमध्ये दीड फूट गाडा.
सुनंदा