किचन सिंकचा वास जात नाही आणि गुडगुड आवाज येतो, काय करू?

मीनल_ठाणे
आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग चार मजली आणि जुनी. महिना झाला, सकाळी किचनमध्ये गेलं की नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि सिंकमधलं पाणी संपत आलं की गुडगुड गुडगुड असा आवाज. तुंबत नाही, पण पाणी सावकाश जातं. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर तीनदा टाकलं, दोन दिवस बरं मग परत तेच. ड्रेन क्लीनरची पुडीपण टाकून बघितली. सासूबाईंना दमा आहे त्यामुळे आता परत केमिकल नको वाटतं. प्लंबर म्हणतोय टाइल्स फोडून लाईन बदला. खरंच एवढं करावं लागेल का?

घरचा_मिस्त्री
ताई फोडाफोडीला आत्ता हो म्हणू नका. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा आणि तो प्लास्टिकचा वळ्यावळ्यांचा वेस्ट पाईप जमिनीत किंवा भिंतीत जातो तिथे टॉर्च मारून बघा. बऱ्याच घरांत तो नुसता भोकात खुपसलेला असतो, बाजूने बोटभर फट, वास आणि झुरळं तिथूनच वर येतात. तिथे बसणारी रबराची रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पाईपचा तुकडा नेऊन मापाची घ्या.

दुसरं म्हणजे पाईपला बाक आहे का ते बघा. बाकात कायम साधारण 50 मिमी पाणी उभं राहायला हवं, ते पाणीच गटाराच्या हवेला बुचासारखं अडवतं. पाईप सरळ असेल तर कितीही सोडा टाका, वास येणारच. आवाजाचं म्हणाल तर पाणी खाली जाताना मागून हवा लागते, ती मिळाली नाही की सिंकमधूनच ओढली जाते, म्हणून गुडगुड. कधी कधी त्या ओढीने बाकातलं पाणीपण निघून जातं आणि मग परत वास. आत तुपातेलाचा थर बसून पाईप अरुंद झाला की हे जास्तच होतं.

आजी_कोथरूड
सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की फेस येतो पण दोघं एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ पाणीच, चिकट थराला काही होत नाही. मी कढई, तव्याचं तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेते, चहाचा चोथा आणि भाताची शितं जाळीतच अडवते. रात्री भांड्याचा साबण घालून कढत पाणी सोडते, उकळतं नाही हं, प्लास्टिकचे पाईप आणि जोड मऊ पडतात. आणि एक कळकळीने सांगते, ॲसिड आणि ब्लीच एकामागोमाग कधीच टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो, घरात दम्याचं माणूस आहे तुमच्या.

डोंबिवली_तिसरा_मजला
वरच्यांनी पाणी सोडलं की तुमच्या सिंकमध्ये आवाज येतो का ते बघा. आमच्याकडे तसंच व्हायचं आणि आम्ही दोन वर्षं आपलाच पाईप साफ करत बसलो. शेवटी कळलं की गच्चीवर पत्र्याची शेड घालताना कामगारांनी उभ्या लाईनचा हवेचा पाईप कापून वर टोपण ठोकलं होतं. सगळ्या बिल्डिंगला हवाच मिळत नव्हती. तो परत शेडच्या वर काढला आणि त्याच दिवशी आवाज थांबला.

मीनल_ठाणे
रविवारी केलं सगळं! पाईप सरळच होता आणि भोकात रिंग नव्हती. खाली बादली ठेवून पाईप काढला तर आत बोटाएवढा काळा थर, बघवत नव्हतं. नवीन पाईप लावला, यू सारखा बाक देऊन वायरने बांधला, रिंग बसवली. वास गेला! आवाज बराच कमी झालाय पण दुपारी वरच्यांची भांडी झाली की थोडा येतोच.

घरचा_मिस्त्री
मग डोंबिवलीवाले म्हणतायत तेच असणार, सेक्रेटरींना घेऊन गच्चीवर जा. हवेच्या पाईपचं तोंड उघडं हवं, त्यावर जाळीची टोपी चालेल, कधी कधी पक्षी घरटंपण करतात. आणि वळ्यांच्या पाईपचा बाक लवकर भरतो, दोन महिन्यांनी काढून धुवा किंवा बॉटल ट्रॅप (बाकासारखंच पाणी धरून ठेवणारा बाटलीच्या आकाराचा जोड) लावून घ्या, त्याची खालची वाटी हाताने फिरवून निघते. गावाला जाल तेव्हा निघताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडा, पाणी लवकर सुकत नाही.