‘अस्सल कोकणी संस्कृती’ या लेखाला उत्तर

खाडीपट्टा
गेल्या आठवड्यात या चर्चास्थळावर ‘अस्सल कोकणी संस्कृती वाचवा’ हा लेख प्रसिद्ध झाला. गणपती, शिमगा, नमन-खेळे, माशाचे कालवण आणि चिऱ्याची घरे ही कोकणची एकच एक संस्कृती आहे आणि शहरातले अभ्यासक विविधतेच्या नावाखाली तिचे तुकडे पाडत आहेत, असा त्याचा आशय आहे. वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लेखकाने वर्णन केलेला किनारा माझ्या ओळखीचा नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली नौ लिंग ही पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते; १७४० मध्ये पोर्तुगीजांनी शेजारचे चौल सोडले, पण बोली राहिली. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे तिथले ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रेवदंडकर ही त्यांची आडनावे तुमच्या-आमच्यासारखीच गावांवरून पडली आहेत आणि त्यांच्या मलिदा या धार्मिक विधीच्या ताटात पोहे, गूळ आणि खोबरेच असते. ज्या काजूवर आणि मिरचीवर आपण ‘अस्सल’चा शिक्का मारतो, ती दोन्ही पोर्तुगीज गलबतांतून आली.

माझ्या वडिलांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, दालदी मुसलमान आणि खलाशी खारवी हिंदू होते. शुक्रवारी नमाज झाल्यावाचून होडी सुटत नसे आणि समुद्राला नारळ दिल्यावाचून तोच तांडेल पावसानंतरची पहिली खेप काढत नसे. याला कोणी विविधता म्हणत नव्हते, पण ती पाळली जात होती.

सहाणेवरचा
तो लेख माझा नाही, परंतु त्यातली तळमळ माझी आहे. आपण समाजांची यादी दिलीत; यादीने गाव चालत नाही. आमच्या वाडीतली निम्म्याहून अधिक घरे वर्षभर कुलुपात असतात. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या चौथऱ्यावर, आली की खांदा द्यायला माणसे मोजावी लागतात. मुंबईकर मंडळी दोन दिवसांसाठी येतात, मोबाइलवर चित्रण करतात आणि खुणा काढायला, म्हणजे पुरलेल्या वस्तू पालखीने शोधायला, रात्र फार होते म्हणून तो विधी आवरता घ्या, असे मानकऱ्यांना सुनावतात. अशा वेळी गावाला बांधून ठेवणारे काही एक असावे, असे वाटणे म्हणजे संकुचितपणा नव्हे. कोर्लईचे कौतुक लांबून करणे सोपे आहे. जो गावात राहून दिवाबत्ती करतो, त्याला संस्कृती टिकवण्याचे ओझे माहीत असते.

महाडची वाट
आपण दोघेही ज्या गावाबद्दल बोलत आहात, त्या गावाच्या वेशीच्या आत आम्ही कधी होतो? नगरपालिकेचा ठराव असतानाही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो याच कोकणात. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून वर्षानुवर्षे संप केला, तोही याच कोकणात. त्यामुळे कोणी ‘एकसंध संस्कृती’ म्हणाले की मला राग येतो आणि कोणी ‘गुण्यागोविंदाने नांदणारी विविधता’ म्हणाले की त्याहून अधिक येतो. आमच्या गावात पालखी बौद्धवाडीच्या बांधापर्यंत येते आणि तिथून वळते. खाडीपट्टा यांच्या होडीची आठवण खरी असेल, परंतु त्या होडीवर आमच्यापैकी कोण होते, तेही त्यांनी सांगावे.

खाडीपट्टा
कोणीही नव्हते. हे मी आधीच लिहायला हवे होते, असे आपले म्हणणे असेल तर ते मान्य आहे. तरीही त्यामुळे तांडेलाची गोष्ट खोटी ठरत नाही.

कलमवाला
सगळे जुन्यावर भांडत आहात. आजचे कोकण बघा. हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी, चिरेखाणीवर कर्नाटकातले कामगार आणि बंदरात ट्रॉलरवर परप्रांतीय खलाशी. गावातल्या मुलांना आंबे उतरवायचा झेला हातात धरायला लाज वाटते. वानरे-माकडे मोहोरापासून फळापर्यंत सगळे ओरबाडतात आणि भरपाई मागायला गेले की कागदपत्रांचा डोंगर पुढे येतो. नेपाळी रात्रभर जागतो, म्हणून माझ्या पेट्या बाजारात पोहोचतात. मी त्यांना वेळेवर पैसे देतो, आजारपणात दवाखान्यात नेतो. परंतु ते कामाला आलेले लोक आहेत. त्यांना संस्कृतीच्या चर्चेत ओढण्याचे कारण मला दिसत नाही.

पाटीपेन्सिल
कारण मी देते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राखणीला बारमाही राहिलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले नसती, तर पटसंख्येअभावी आमच्या शाळेचे दार केव्हाच बंद झाले असते. त्यांतला एक मुलगा गणपतीत वाडीच्या जाखडीत, म्हणजे फेर धरून करायच्या लोकनृत्यात, नाचतो. एका पायात चाळ बांधून तो फेरात उतरला की मृदंगावरून त्याचे लक्ष हलत नाही. गवळण त्याला तोंडपाठ असते आणि बुवा चुकले तर तो मागून ओळ सांगतो. नाच संपल्यावर वाडीतली मुले ओटीवर पंगतीला बसली. त्याला मात्र पत्रावळ खाली खळ्यात, म्हणजे अंगणात, दिली. कोणी वाईट बोलले नाही, कोणी हाकललेही नाही. त्याची जागा तीच, असे सर्वांनी धरूनच चालले होते. संस्कृती कोण टिकवतो हा प्रश्न असेल, तर त्या मुलाला बाजूला ठेवून त्याचे उत्तर देता येणार नाही.

कलमवाला
एका पत्रावळीवरून आपण साऱ्या बागायतदारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत. माझ्या घरी असे होत नाही.

पाटीपेन्सिल
आपल्या घरी तो ओटीवर बसतो का, एवढेच सांगा.

कलमवाला
माझा रखवालदार स्वतःच बागेतल्या आपल्या खोपीत जेवणे पसंत करतो. त्याला कोणी विचारले नाही, हा मुद्दा आपण काढणार, हे मला ठाऊक आहे. विचारलेले नाही. परंतु शहरातल्या सोसायट्यांत रखवालदाराला वेगळी लिफ्ट असते, त्यावर कोणी धागा काढत नाही आणि उपदेश मात्र कोकणी माणसाने ऐकायचा, याची मला चीड आहे.

सहाणेवरचा
चीड मलाही आहे, तरी बाईंचा मुद्दा टाळता येत नाही. गेल्या शिमग्यात खांद्याला माणूस कमी पडला, तेव्हा आमच्याकडे एका नेपाळी तरुणाने पालखी सहाणेपासून पुढच्या वाडीपर्यंत नेली. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही, कारण गरज आमची होती. त्याच्या खोपीपाशी पालखी थांबवून त्याच्या बायकोकडून ओटी भरून घ्यावी, हे मात्र कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. तरीही संस्कृती म्हणजे ज्याने त्याने आपापले वेगळेपण मांडून बसणे, हे मी मानणार नाही. तो तरुण खांद्याखाली आला, तो गावाची रीत एक होती म्हणूनच. खोपीपाशी पालखी थांबवण्याचा विषय मी मानकऱ्यांच्या बैठकीत मांडेन. मान्य होईल, असे वचन देत नाही. बौद्धवाडीच्या वळणाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, तो नंतर स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.

महाडची वाट
नंतर का? बागेतला माणूस खांद्याला लागला म्हणून त्याचा विचार या वर्षी होणार आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहणाऱ्यांचा प्रश्न ‘नाजूक’ म्हणून पुढे ढकलला जाणार, हा न्याय मला समजत नाही. शिवाय एक गैरसमज दूर करतो. पालखी आमच्या दारात यावी, अशी आमची मागणी नाही. आम्ही धर्म बदलला आहे आणि आमच्या घरी बुद्धवंदना होते. शिमग्याच्या त्याच बैठकीत पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, काम, विहिरीचा उपसा आणि गावकीची वर्गणी ठरते. वर्गणी मागायला माणूस आमच्या वाडीत येतो, बैठकीचा निरोप येत नाही. आपण मानकऱ्यांपुढे काही मांडणार असाल, तर आधी तो निरोप मांडा.