बारावीनंतर केमिस्ट्री: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो). केमिस्ट्रीच करायचं म्हणते, मेडिकल नको. केमिकल इंजिनीअरिंग घ्यावं की बीएस्सी? आणि आता गणित सोडून बायोवर भर दिला तर चालेल का?

ए-७०२: गणित सोडू देऊ नका, वहिनी. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि बऱ्याच आयआयटी केमिस्ट्रीलासुद्धा बारावीचं गणित मागतात. हे लोकांना ऐन प्रवेशाच्या वेळी कळतं. शिवाय केमिस्ट्रीतलं क्वांटम, थर्मोडायनॅमिक्स, कायनेटिक्स (रिअ‍ॅक्शनचा वेग) हे सगळं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनवरच चालतं.

बी-३०४: मग केमिकलच बरं ना?

ए-७०२: नाव सारखं, काम वेगळं. तिथे पंप, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन कॉलम. १०० मिलीच्या फ्लास्कमधली उष्णता काचेतून निघून जाते. तीच रिअ‍ॅक्शन ५००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये केली की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार कमी पडतो, उष्णता आत साठते आणि रिअ‍ॅक्शन हाताबाहेर जाते. ती उष्णता काढायची कशी, हा इंजिनीअरचा प्रश्न. रेणू कसा बनतो यात रस असेल तर बीएस्सी.

सी-१०१: सीईटीतले (इंजिनीअरिंग-फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा) गुणही बघा. पीसीएमला गणिताचे ५० प्रश्न २-२ गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० एकेका गुणाचे. म्हणजे २०० पैकी १०० गणितालाच. बीफार्म पीसीबीवरही मिळतं, पण त्यात फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम), फार्माकॉग्नोसी (वनस्पतींसारख्या नैसर्गिक स्रोतांतली औषधं) यांचं पाठांतर बरंच आहे. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

ए-७०२: पीसीएमबी असेल तर पुण्यात पाषाणला आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आहे, तिच्यासाठी फारच सोयीचं. तिच्या प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित प्रत्येकी १५ प्रश्न, ३ तास. बरोबरला ४, चुकीला वजा १, त्यामुळे इथे मात्र अंदाजपंचे नको. बीएस-एमएस ५ वर्षांचं. अर्ज सीईटीपासून वेगळा असतो, गडबडीत राहून जातो.

बी-३०४: आणि पुण्यातल्या कॉलेजांत साधं बीएस्सी? फर्ग्युसन, एसपी, गरवारे?

डी-५०५: नावापेक्षा लॅब बघा, काकू. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शोभेला ठेवलंय की मुलं स्वतः सॅम्पल इंजेक्ट करतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपन्यांत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासणी) घेताना हेच तपासतात. मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारा द्रव) डीगॅस केली नाही, म्हणजे त्यातली हवा काढली नाही, तर पंपात बुडबुडा अडकतो, प्रेशर हलतं, रिटेन्शन टाइम (घटक बाहेर यायची वेळ) सरकतो. बफर (क्षारांचं द्रावण) पाण्याने न धुता थेट अ‍ॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट सोडलं तर क्षार बसून कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) तुंबतो. पुस्तक वाचून हा हात बसत नाही.

सी-१०१: नव्या शैक्षणिक धोरणात बीएस्सीला चौथं वर्षही आहे. त्यातल्या ऑनर्स विथ रिसर्च पदवीला पहिल्या ६ सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. पहिल्या वर्षी ढिलाई केली तर ती पुढे भरून काढणं जड जातं.

बी-३०४: सीईटीचे पीसीएम, पीसीबी दोन्ही ग्रुप भरता येतात का?

सी-१०१: येतात. पेपर वेगळ्या दिवशी असतात. दोन्ही भरा.