मदत हवी आहे: पुणे–औंध–मिरज–विजापूर–सोलापूर, जानेवारीत गाडीने, सोबत ७४ वर्षांची आई

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या आसपास पुण्याहून गाडी काढायचीय, पाच दिवस हातात आहेत. गाडीत मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि आई. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीला हळूहळू चालते पण पायऱ्या दिसल्या की थबकते. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, मिरजेला असते, ८३ पूर्ण झाली, आणि मामा सोलापूरला. दोघी बहिणी चार वर्षांत भेटलेल्या नाहीत, रोज संध्याकाळी फोन होतो तेवढाच. यंदा आई म्हणाली, तिळगूळ मला तिच्या हातावर ठेवायचाय. त्यामुळे जाणार हे पक्कं, प्रश्न फक्त सगळं बसवायचं कसं हा आहे.

पहिला दिवस औंध, पुण्यातलं नाही, साताऱ्याकडचं. आजोबा तिथे मास्तर होते, दोघींचं लहानपण तिथलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर ते म्युझियम उभारलं, रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पसुद्धा आहे, एवढ्याशा गावात! आईला ते परत बघायचंय. तर गाडी म्युझियमच्या दारापर्यंत जाते का? आणि सोमवारी बंद असतं असं ऐकलंय, खरं का?

दुसरा दिवस मिरजेहून खिद्रापूर, आणि हा मला काहीही झालं तरी चुकवायचा नाहीये. मावशीचं लग्न झाल्यावर आई सुट्टीत तिच्याकडे राहायला जायची, तेव्हा दोघी एसटीने खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात गेल्या होत्या. स्वर्गमंडपाच्या मधोमध जो गोल दगड आहे त्यावर उभं राहिलं की डोक्यावर छत नाहीच, गोल आभाळ दिसतं, भोवती ४८ खांब. मावशीने तिथे आईची वेणी परत घातली होती म्हणे, अबोलीचा गजरा लावून, हे दोघीही सांगतात आणि अगदी सेम सांगतात. मला दोघींना तिथे एकदा बसवायचंय बस. मंदिरात चढउतार किती आहे? उंबरे उंच आहेत का?

मग मिरजेहून जतमार्गे विजापूर, मुलाला गोलघुमट दाखवायचाय, आणि तिथून सोलापूर. पण आईला घेऊन विजापूर झेपेल का ते कळत नाहीये.

अजून एक, रात्रीचं ड्रायव्हिंग. मागच्या वर्षी याच दिवसांत कराडच्या पुढे नवरा चालवत होता, स्पीडही फार नव्हता, आणि समोर अचानक उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रेडियम, उसाचे वाढे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, हेडलाइट पडला तेव्हा अगदी दहा-पंधरा फुटांवर होती. ब्रेक लागला म्हणून आज लिहितेय. आत्ता गळीत हंगाम ऐन भरात असणार, तर त्या भागात किती वाजेपर्यंत गाडी चालवणं सेफ?

प्रतिसाद:

ताई, मी मूळची सांगलीची, आता सोलापुरात, दोन्हीकडचं सांगते.

औंधला गाडी डोंगरावर जाते, काळजी नको. सोमवार टाळाच. खिद्रापूरला गाडी देवळाच्या जवळ लागते, आत दगडी पायऱ्या आणि उंबरे आहेत पण हाताला धरून होतं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि जानेवारीत सकाळी तो दगड बर्फासारखा गार असतो, म्हणून दहानंतर जा, उन्हं मंडपात उतरलेली असतात. मुलाला सांगा इथे शंकरापुढे नंदी नाही, तो नदीपलीकडे यडूरला आहे असं मानतात. येताना नरसोबाच्या वाडीला कवठाची बर्फी आणि कृष्णाकाठची वांगी घ्या, याच दिवसांत मिळतात.

विजापूर मिरजेहून नका करू. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात जायला मिनारातले अरुंद, उंच जिने आहेत, आईंना जमणार नाही. मिरजेहून सांगोला-मंगळवेढ्यावरून थेट सोलापूर गाठा, रस्ता चांगला झालाय. मग एक दिवस भल्या पहाटे तुम्ही तिघं सोलापूरहून विजापूर करून या, शंभर किलोमीटर आहे, आई मामांकडे राहतील. सज्जात सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, गर्दी झाली की नुसता कल्ला असतो, कुजबुज भिंतीच्या कडेने पलीकडे जाते ते ऐकूच येत नाही. शुक्रवार सोडून जा, नाहीतर समोरच्या नगारखान्यातलं म्युझियम बंद मिळेल.

आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी तेव्हा हुरड्याला आलेली असते, थांबा.

ट्रॉलीचं म्हणाल तर सव्वासहाला अंधार पडायला लागतो, त्याआधी मुक्कामी असा, दुसरा उपाय नाही. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असेल, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी गावातले रस्ते बंद असतात, मामांना विचारूनच शिरा.

एक विचारू? मामा मावशींचेही भाऊच ना? मग त्यांनाही सोलापूरला का नेत नाही?

मूळ धागाकर्ती:

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच मावशीला फोन लावला, ती आधी नको म्हणाली, प्रवास झेपायचा नाही, तुम्हाला अडचण कशाला, आणि दहा मिनिटांनी तिचाच परत फोन, माझी लाल स्वेटरची पिशवी पुढच्या सीटखाली मावेल का गं. मावसभाऊ चार दिवसांनी तिला न्यायला येतोय. मामाला अजून सांगितलेलं नाही.

आता एकच माहिती हवीय. मिरज ते सोलापूर वाटेत कमोड असलेलं स्वच्छ टॉयलेट कुठे मिळेल? दोघींनाही खाली बसता येत नाही, आणि त्या भीतीने मावशी प्रवासात पाणीच पीत नाही. कुणी अलीकडे त्या रस्त्याने गेलं असेल तर पंप किंवा हॉटेल नेमकं कुठे आहे ते सांगा प्लीज.