अनुभव धागा: तालमीची पेटी आणि फायनलचा चषक

परवा कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची मीटिंग रात्री साडेबारापर्यंत चालली. हंगाम तोंडावर आलाय आणि पेटीत एक लाख ऐंशी हजार आहेत. त्यात बाहेरचे दोन चांगले खेळाडू आणून यंदा चषकासाठी जोर लावायचा, की लहान गटाला प्रशिक्षक आणि बूट द्यायचे? जुनी मंडळी एका बाजूला आणि पोरं दुसऱ्या बाजूला असतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही, सख्खे भाऊ एकमेकांवर ओरडत होते. निर्णय रविवारवर ढकललाय.

मला अजून ठरवता येत नाही, म्हणून विचारतोय. तुमच्या संघानं पैसा जपला तेव्हा काय झालं आणि सढळ हातानं सोडला तेव्हा काय झालं? पेठेचा संघ असो, नाहीतर रात्री जागून बघता तो परदेशातला. स्वतः भोगलेलं लिहा. तालमींची नावं मात्र घेऊ नका, पेठेपेठेत भांडण लागायला वेळ लागत नाही.

मंगळवार पेठ, माजी खजिनदार

अकरा वर्षं वही माझ्याकडं होती, त्यामुळं जरा लांबेल.

एका हंगामात आम्ही तिघं बाहेरचे आणले, दोन नायजेरियाचे आणि एक गोव्याचा. मीटिंगमध्ये फक्त मानधनाचा आकडा मांडला गेला. खोलीचं डिपॉझिट, गाद्या, गॅस, दोन वेळचं जेवण, येण्याजाण्याची तिकिटं आणि मॅच जिंकली की वर बक्षीस, हे कुणी धरलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात पेटी रिकामी झाली. तोवर संघ जोरात चालला होता. शाहू स्टेडियमवरनं पोरं हलगी वाजवत गल्लीत येत होती. अशा वेळी हिशेब काढणारा माणूस कुणालाच नको असतो. मी गप्प बसलो, ती चूक माझी.

पतसंस्थेतून माझ्या नावावर नव्वद हजार काढले. फायनल मारली की बक्षिसातून फेडायचे असं ठरलं. म्हणजे न मिळालेली रक्कम आम्ही आधीच जमेला धरली होती. सेमीफायनलला टायब्रेकरवर हरलो.

कर्ज फिटायला सव्वीस महिने लागले. गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग तिकडं वळवला, त्यावरनं दोन घरांनी आजतागायत आमच्याकडं पावती फाडलेली नाही. आणि ज्याचं मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की त्या वर्षी लहान गटाचा संघ उतरवायला पैसेच नव्हते. चौदा-पंधरा वर्षांची पाच पोरं दुसऱ्या तालमीत गेली. त्यातला एक आता सीनियरला खेळतो. गेल्या वर्षी त्यानं आमच्यावरच गोल केला. माझ्या शेजारच्या घरातलं पोर ते.

रविवारी माझं मत बुटांना.

शिवाजी पेठ, वय २४

काका, तुमचा मान राखून सांगतो, मला उलटं वाटतं. माझ्या वडलांनी वीस वर्षं आमच्या तालमीची फायनल बघायची वाट बघितली. ज्या वर्षी पैसा ओतला त्या वर्षी आम्ही चषक आणला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा पप्पा गॅलरीत खाली बसले आणि रडायला लागले. त्यांना रडताना मी एकदाच बघितलंय. पुढच्या दिवाळीत गेले ते. त्या वर्षाची उधारी आमच्या घरानं वर्गणीतून भरली आणि परत भरायची वेळ आली तरी भरू.

लेक खेळतो, एवढंच लिहिते

आमच्या मागच्या खोलीत एक नायजेरियन खेळाडू पाच महिने राहिला. आमच्या पोराची जागा त्याला दिली होती. पोरगा बाकावर बसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. माझ्या मनात त्या परक्या मुलाबद्दल राग होता, खोटं का बोलू. पण तोच रोज सकाळी सहाला माझ्या पोराला उठवून गांधी मैदानावर न्यायचा. अंग मध्ये घालून बॉल कसा राखायचा, हे त्यानं शिकवलं. भाकरी त्याला आवडायची, पांढऱ्या रश्शात बुडवून खायचा. त्याची आई तिकडं व्हिडिओ कॉलवर मला हात जोडायची.

हंगाम संपला तेव्हा त्याचे शेवटच्या दीड महिन्याचे पैसे राहिले होते. आज देतो, उद्या देतो चाललं. शेवटी आम्ही तीन घरांनी मिळून त्याचं मुंबईपर्यंतचं तिकीट काढलं. चषकाचा फोटो तालमीत लावलाय, त्यात तो मधोमध उभा आहे. बाहेरचा खेळाडू आणा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याचे शेवटच्या दिवसापर्यंतचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि मगच आणा.

गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आर्सेनलवाला

पैसा जपणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. लंडनच्या आमच्या आर्सेनलनं २००३-०४ ला एकही मॅच न हरता इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, २००५ ला एफए कप, म्हणजे तिथली बाद पद्धतीची स्पर्धा. २००६ ला नव्या स्टेडियमवर गेलो आणि त्याच्या कर्जापायी हात आखडला. २००७ ला आमचा स्टार आन्री दुसऱ्या क्लबला गेला, २०११ ला फाब्रेगास. २०१२ ला कॅप्टन व्हान पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला विकला आणि पहिल्याच हंगामात त्यानं त्यांना लीग मिळवून दिली. मी सेकंड शिफ्ट करून येऊन मॅच बघायचो, पोरं मेसेज करून छळायची. पुढचा चषक २०१४ ला आला. नऊ वर्षं! पण त्या सगळ्या वर्षांत संघ चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, टिकला आणि कुणाचा पगार बुडाल्याचं ऐकलं नाही. मला तो काळ आवडला नाही, पण पटला.

मूळचा राजारामपुरीचा, दोन वर्षं पोर्ट्समथमध्ये शिकलो

खजिनदारकाकांचं वाचून अंगावर काटा आला, कारण हीच गोष्ट मी तिथं ऐकली. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ क्लबनं २००८ ला एफए कप जिंकला. फायनलचा एकमेव गोल नायजेरियाच्या कानूचा. आवाक्याबाहेरचे पगार देऊन तो संघ बांधलेला होता. २०१० ला दिवाळखोरीत गेले, नऊ गुण कापले आणि प्रीमियर लीगमधून खाली आले. २०१३ पर्यंत घसरत इंग्लंडच्या चौथ्या पायरीच्या लीगमध्ये. लीड्स क्लबचंही तसंच. २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज, आणि २००४ ला खाली.

पण पोर्ट्समथची पुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. २०१३ ला समर्थकांनी हजार-हजार पौंडांचे हिस्से घेऊन क्लब विकत घेतला. मला तर ती पेठेतली वर्गणीच वाटली. माझा घरमालक बसचालक होता, त्यानं हिस्सा घेतला होता आणि प्रमाणपत्र फ्रेम करून जिन्यात लावलं होतं. २०१७ ला त्यांनी चौथी पायरी जिंकली आणि त्याच वर्षी मतदान करून क्लब एका अमेरिकन मालकाला विकला, कारण स्टेडियमची डागडुजी आणि वर चढायचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. घरमालकानं विकण्याच्या बाजूनं मत दिलं. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाला, वाटलं, पण नातवाला वरच्या लीगमधली मॅच दाखवायचीय. २००८ चा कप परत करशील का, असंही विचारलं. त्याला तो प्रश्नच आवडला नाही.

दादर, आजोळ कोल्हापूर

थोडक्यात लिहितो. मी महिंद्रा युनायटेडचा समर्थक, म्हणजे मुंबईतल्या महिंद्रा कंपनीच्या संघाचा. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला कंपनीनं संघ बंद केला. आमच्यावर काही कर्ज नव्हतं, चषकही होते. पण ठरवणारे आम्ही नव्हतो. तुमची मीटिंग साडेबारापर्यंत चालते, याचा मला हेवा वाटतो.

सीनियर खेळाडू, अजून खेळतोय

दोन्ही बाजू वाचल्या. माझं तिसरंच आहे.

२०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक घरातलं पोर बूट मागतंय. चांगलं आहे. पण तीन वर्षांपूर्वी लीगच्या मॅचमध्ये माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनचा खर्च तालमीच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हता. बाहेरच्या खेळाडूंचं खातं होतं, किटचं होतं, मिरवणुकीचंसुद्धा होतं. मित्रांनी दुकानादुकानात डबा फिरवला, उरलेलं वडलांनी रिक्षा गहाण टाकून भागवलं. नऊ महिन्यांनी परत मैदानात उतरलो, कारण दुसरं काही सुचत नाही मला.

रविवारी मीटिंगला जाल तेव्हा एक लाख ऐंशी हजारातले तीस हजार आधी बाजूला काढायला सांगा. वहीत वेगळं पान करा, वर ‘दुखापत’ लिहा. उरलेल्या दीड लाखावर मग रात्रभर भांडा.