लेण्यांसाठी ‘अनुभव दालन’ हवंच का? (चर्चा धागा)

वाघूरकाठ:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, “नव्या पिढीला दगड बघायला वेळ नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी ३६० अंशांचं दालन बांधा, चारी भिंतींवर पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हलतं-बोलतं करा. लोक वर चढले नाहीत तरी चालेल.” दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

शाळेच्या सहलीत पहिल्यांदा एक नंबरच्या लेण्यात गेलो तेव्हा आत काहीच दिसेना. दाराशी एक मामा चकचकीत पत्रा घेऊन बसले होते. त्यांनी बाहेरचं ऊन पत्र्यावर घेतलं आणि हळूच आत सोडलं. तो उजेड सरकत सरकत भिंतीवर गेला. आधी मुकुट, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ. चाळीस पोरं एकदम गप्प. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला लागणारा वेळ हाच तिथला अनुभव आहे. तो दालनात कसा देणार?

आणि हा प्रयोग आपण केलेलाच आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला जपानी कर्जातून पर्यटक केंद्र उभं राहिलं, १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या, २०१३ मध्ये उघडलं. काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी कुलूप लागलं. आता परत तेच?

मांडणीकार:
प्रदर्शनांची मांडणी हाच माझा धंदा, म्हणून लिहितो. पत्र्याची गोष्ट सुंदर आहे, पण ती चाळीस पोरांची आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे केवढी रांग असते? प्रत्येक माणूस आत श्वास सोडतो, घाम सोडतो. भाताचं तूस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर केलेली ती चित्रं आहेत. त्यांना दमटपणा सोसत नाही. फ्रान्सने आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा १९६३ मध्ये लोकांना बंद केली ती याच कारणाने, आणि १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उघडली. लोक आजही प्रतिकृतीच बघतात.

प्रतिकृतीला नावं ठेवण्याआधी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा ब्रिटिश चित्रकार ग्रिफिथ्स आठवा. त्याने आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून बरीच वर्षं खपून नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनच्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जे रंग नंतर भिंतीवरून गळून पडले त्यांची साक्ष उरलेल्या नकलाच देतात.

फर्दापूरबद्दल मात्र तुमचं खरं आहे. निविदेत बांधकामाला पैसे असतात. दहा वर्षांचं वीजबिल, एसी, प्रोजेक्टरची दुरुस्ती यांचा रकानाच नसतो. तो आमच्या लोकांनीही कधी मागितला नाही.

लेकीची_आई:
माझी आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले. डोलीत बसवून वर नेली. चार माणसांच्या खांद्यावर बसायचं म्हणून ती सगळी वाट खाली मान घालून होती. दोन लेणी झाली आणि म्हणाली, “पुरे गं, त्यांना किती त्रास!” पायथ्याशी सपाट जमिनीवर, खुर्चीवरून निवांत बघता येईल असं काही असतं तर? वाघूरकाठ दादा, तुमच्या अंधारात माझ्या आईला जागा नाही.

वाघूरकाठ:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आईंसाठी प्रतिकृती हवी, मान्य. पण प्रतिकृती वेगळी आणि पद्मपाणीला पापण्या मिटायला लावणं वेगळं. दुसऱ्याला माझा विरोध कायम.

जामनेरचा:
तुम्ही सगळे भिंतीवर भांडताय, आवाजाचं कुणी बोलतच नाही. असल्या दालनात निवेदन कसं असतं? “वाकाटक नृपती हरिषेणाच्या राजवटीत...” मी गावातली पंचवीस म्हातारी माणसं घेऊन १७ नंबरला गेलो होतो. माहितीपत्रक वाचून दाखवलं, सगळे जांभया द्यायला लागले. मग आमच्यातल्याच एका काकूंनी तिथल्या भिंतीवरची विश्वंतराची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मातल्या दानशूर राजपुत्राची, गोष्ट आमच्या तावडी बोलीत सांगितली. हत्ती दिला, राज्य गेलं, आणि शेवटी मागायला आलेल्या ब्राह्मणाला स्वतःची दोन्ही पोरं देऊन टाकली. एक म्हातारी उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसून रडली. दालन करायचं तर आमच्या बोलीत करा.

शुद्धलेखन_प्रेमी:
विषय भरकटतोय. कोकणातून, विदर्भातून लोक येतात. किती बोलींत निवेदन करणार? प्रमाण मराठी सगळ्यांना कळते, ती त्यासाठीच आहे.

जामनेरचा:
सगळ्यांना कळते हे कुणी ठरवलं? लेणी आमच्या शिवाराजवळ, बस आमच्या गावावरून जाते, आणि आमच्याच आजीला तिथे परक्यासारखं उभं राहायचं? शाळेत बोलीवरून मार खाल्लाय मी. हे भरकटणं नाही.

शुद्धलेखन_प्रेमी:
मार देणारा चुकलाच. पण प्रमाणभाषा बोलणारा प्रत्येक जण तुमचा शत्रू नाही. माझे वडील बीडचे, त्यांनीही ती शिकूनच घेतली.

मांडणीकार:
कानाला लावायच्या यंत्रात पाच-सहा भाषा सहज बसतात. त्यात तावडी, अहिराणी घालायला खर्च फारसा नाही. आजवर सुचलं नाही, ही आमची चूक. जामनेरचे भाऊ, त्या काकू बोलतील का? लिहून दिलेलं वाचायचं नाही, त्यांनी लेण्यात सांगितलं तसंच.

जामनेरचा:
विचारतो. पण त्यांचं नाव आणि मानधन आधी कागदावर पाहिजे.

वाघूरकाठ:
माझी एकच अट. प्रतिकृतीतही आधी अंधार ठेवा. दोन मिनिटं काही दाखवू नका. मग दारातून एकच तिरपा उजेड सोडा, पत्र्यावरून येतो तसा.

लेकीची_आई:
बसायला बाक ठेवा म्हणजे झालं. अंधारात आई उभी राहू शकत नाही.