आपोआप चालणारे व्हिडिओ मुळातच बंद का नसावेत?

खाडीकाठ (गुहागर तालुका)
आमच्या वाडीत रेंज मिळते ती सड्यावर. खाली घरात एक कांडी, तीही फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला तर. पावसाळ्यात वाऱ्याचा इशारा आलाय का बघायला बातमीचं पान उघडावं, तर कोपऱ्यात कुठल्या तरी नटीच्या लग्नाचा व्हिडिओ पळायला लागतो आणि ज्यासाठी पान उघडलं तो मजकूर गोल गोल फिरत बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑटोप्ले मुळातच बंद असावा. ज्याला हवा त्याने चालू करावा.

हा प्रश्न कधीच सुटला, असं काही जण म्हणतात. क्रोम ब्राउझरने एप्रिल 2018 मध्ये आवाजासकट सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, फायरफॉक्सने मार्च 2019 मध्ये. पण सुटला तो कानांचा प्रश्न. मुका व्हिडिओ डेटा जवळपास तेवढाच खातो, कारण वजन चित्राचं असतं. शिवाय कॉम्प्युटरवरचा क्रोम, ज्या साइटवर तुम्ही नेहमी व्हिडिओ बघता तिला आवाजाचीही सूट देतो. आमच्या प्लॅनमध्ये दिवसाचा दीड जीबी संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. मग बसा वाट बघत.

होमस्टेवाला (तारकर्ली)
खाडीकाठ भाऊ, तुमचं बरोबर असेल, पण आमच्या पोटाचं काय? पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही. बोट सरकवता सरकवता आमची होडी, पाण्याचा रंग, तळलेली सुरमई नि सोलकढी दिसली की थांबतं, मग फोन करतं. पाऊस लागला की पाण्यातले खेळ बंद, म्हणजे वर्षाची कमाई दिवाळी ते मे. जाहिरातीला पैसे कुठले? रील हीच आमची जाहिरात. माझो व्हिडिओ आपसूक चललो नाय, तर हात लावून चालू करतलो कोण? मोठ्या रिसॉर्टांची नावं लोक शोधून बघतील. मरणार आम्ही छोटे.

जांभादगड (रत्नागिरी)
मी वेबसाइट बनवतो, म्हणून थोडी दुसरी बाजू. 2016 पर्यंत आयफोनवर पानातला व्हिडिओ बोट लावल्याशिवाय चालत नसे, आणि चालला की अख्खा पडदा व्यापायचा. मग साइटवाल्यांनी पळवाट काढली, हलणारी जीआयएफ चित्रं टाकायला लागले. ती व्हिडिओपेक्षा कितीतरी जड. आयफोनच्या सफारी ब्राउझरचं इंजिन बनवणाऱ्यांनीच त्या वर्षी लिहिलं होतं की जीआयएफ बारा पटीपर्यंत जास्त डेटा आणि दुपटीपर्यंत जास्त बॅटरी खाऊ शकते. म्हणून आयफोनची सिस्टीम आयओएस, तिच्या 10 व्या आवृत्तीपासून मुके व्हिडिओ पानातच आपोआप चालू द्यायचं ठरलं. आता सरसकट बंद करायला लावलंत तर सगळे पुन्हा तिकडेच वळतील आणि तुमच्या एका कांडीचे आणखी हाल होतील.

खाडीकाठ
म्हणजे चोर मागच्या दाराने येईल म्हणून पुढचं दार उघडं ठेवायचं? आयओएस 17 पासून हलती चित्रंही थांबवता येतात, सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन. दोन्ही दारं लावता येतात. लावायची इच्छा हवी.

हर्णैची (दापोली तालुका)
डेटाचं ऐकलं, आता बॅटरीचं ऐका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या ओटीवर फोन लावायला रांग. एवढं करून चार्ज केलेला फोन घेऊन रेंज मिळेल तिथे जायचं आणि मुंबईला कळवायचं की आम्ही सुखरूप आहोत. आणि फेसबुक उघडलं की काय, उडालेल्या पत्र्यांचे नि आडव्या झालेल्या पोफळींचे व्हिडिओ एकामागून एक आपोआप सुरू. आम्ही ते डोळ्यांनी बघतच होतो की! बॅटरीचे टक्के झरझर खाली. शेवटी सासऱ्यांनी फोन हातातून काढून घेतला, म्हणाले, "बातम्या रेडिओवर ऐक."

दुसरं, जे बघायचं नसतं तेही हे दाखवतात. ऑगस्ट 2015 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात थेट प्रक्षेपण चालू असताना दोन पत्रकारांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्याने स्वतः टाकलेला व्हिडिओ लोकांच्या फीडमध्ये आपसूक सुरू झाला. बघू की नको, हे ठरवायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

आणि मुलांचं काय सांगू. एक संपला की दुसरा, जेवण तसंच ताटात. यूट्यूबने 2021 मध्ये 13 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. मोठ्यांचं मात्र चालूच. पण आमच्या घरात मुलं बघतात ती आमच्याच फोनवर ना!

होमस्टेवाले दादा, तुमच्या रीलला मी बोट लावीन. आधी वरचं चित्र तरी झकास ठेवा.

होमस्टेवाला
ताई, फोटो टाकून बघितलेत. ओळखीचे लाईक करतात, बुकिंग येत नाही. बंद करायचं बटण द्या, माझी ना नाही. पण मुळातच बंद ठेवलंत तर कोणी चालू करायला जाणारच नाही.

खाडीकाठ
कोणी चालू करायला जाणार नाही, हे तुम्हीच म्हणालात. मग आज जे चालतंय ते लोकांना हवंय म्हणून चालतंय, असं कसं म्हणायचं?

जांभादगड
हे अर्धंच खरं. मुळात जे असेल तेच लोक ठेवतात, दोन्ही बाजूंनी. वायफायवर चालू आणि मोबाइल डेटावर बंद, हा मधला मार्ग बहुतेकांना चालेल.

हर्णैची
वायफाय आहे कुणाकडे इथे? आणि बटणं मागितल्याशिवाय मिळत नाहीत. नेटफ्लिक्सवर नुसतं नाव निवडलं तरी झलक सुरू व्हायची. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा फेब्रुवारी 2020 मध्ये ती बंद करायची सोय आली.

नवखा (वेंगुर्ला)
तुमचा वाद चालू द्या. इन्स्टाग्रामवर हे बंद कुठून करायचं तेवढं सांगा.

खाडीकाठ
होत नाही. मोबाइल डेटा कमी वापरायचं बटण आहे, त्याने व्हिडिओ आधीपासून उतरवून ठेवणं कमी होतं, चालणं थांबत नाही. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये मीडियात जा, ऑटोप्ले कधीही नको असं निवडा. यूट्यूबमध्ये फीडमधला प्लेबॅक बंद करा, पुढचा व्हिडिओ लागायचं बटण वेगळं आहे, तेही बंद करा. फोनवर फायरफॉक्स असेल तर साइटच्या परवानग्यांमध्ये ऑटोप्लेला ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही अडवता येतात.

जांभादगड, तुम्ही बनवलेल्या साइटवर एका पानावर किती व्हिडिओ आहेत, ते राहिलंच सांगायचं.